रेतीची चाकं, खडीची चाकं

त्यांच्या पडवीत शिरताना डोकं वाकवावं लागे. दार बुटकं होतं म्हणून नव्हे, वरच्या वाशाला दोन चाकं टांगलेली असत म्हणून. जुन्या धोतरात गुंडाळलेली, काथ्याने बांधलेली, उंडीच्या तेलाचा वास मारणारी बैलगाडीची दोन चाकं. गाडी अंगणात उभी असे, ती वेगळ्याच दोन चाकांवर. पहिल्याच दिवशी मी कपाळ आपटून घेतलं आणि चिडून म्हटलं, ही काय चाकं ठेवायची जागा झाली? घरधनी सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चाकं जाग्यावर हायती, बाय. तुमी जाग्यावर न्हाय."

ही आमची ओळख. कपाळावरचं टेंगूळ आठवडाभर टिकलं.

गावात त्यांना नाना म्हणत. मीही नानाच म्हणायची, तेव्हा इथेही तेवढंच पुरे. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मी नर्सिंगची परीक्षा पास होऊन किहीमच्या पलीकडे एका गावात, लहानशा दवाखान्यात नेमणुकीवर आले होते. डॉक्टर अलिबागहून आठवड्यातून एकदा येत. बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे मी, एक कपाट आणि स्टोव्ह. आजूबाजूच्या वाड्यांवर बाळंतपणांना जायचं तर गाडी लागे, आणि गाडी म्हणजे नानांची. सहा-सात वर्षं मी त्या गाडीत इतकी बसले की माझं कंबरेचं दुखणं आजही त्यांचंच नाव सांगतं.

मी हे लिहायला बसले ते त्यांच्या गमती सांगायला नाही. गमती आहेत पुष्कळ, आणि त्या सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवणार नाही हेही खरं. पण त्या माणसाच्या नावाला गावात जो बट्टा लागला तो माझ्या तोंडून लागला. तो पुसण्याइतकं एक वाक्यही माझ्याजवळ होतं. ते मी वेळेवर बोलले नाही.

नानांपाशी चाकांच्या दोन जोड्या होत्या. एक खडीची, एक रेतीची. खडीची चाकं ऐनाच्या लाकडाची, रुंद आणि जड. त्यांच्यावर चढवलेली लोखंडी पट्टी, जिला धाव म्हणतात, ती बोटभर जाड. ही रोजची. नारळ, भात, मिठाची पोती आणि मी, असं सगळं ओझं तीच ओढत. उन्हाळ्यात लाकूड सुकून आत आक्रसतं आणि धाव ढिली पडते, म्हणून दर आठ दिवसांनी नाना ही चाकं काढून तळ्यात बुडवून ठेवत. त्या दिवशी गाडी मिळत नसे. कुणाला कितीही घाई असली तरी मिळत नसे. "चाक पानी पितंय," एवढंच ते सांगत, आणि गाव निमूट परत जाई.

रेतीची चाकं म्हणजे ती वर टांगलेली. होळीच्या पुनवेला आमच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती लागत. काळ्या खडकापासून निघायचं ते सुरूच्या झाडांपुढे रोवलेल्या निशाणापर्यंत, सरळ, एका वेळी दोन गाड्या. पुनवेला पाणी संध्याकाळी सहाच्या सुमाराला पार तळाला जातं, म्हणून चारपासूनच ओली घट्ट रेती उघडी पडू लागे. त्या रेतीसाठी ही चाकं. सागाची, बारीक आऱ्यांची, पातळ धावेची. त्यांना पाण्याचा थेंब लागू देत नसत. वर्षभर वर टांगून, सुकवून, तेल लावून ती इतकी हलकी केलेली की मी एक चाक एका हाताने उचलू शकत असे. वर्षातून एक दिवस ती गाडीला लागत, आणि त्या एका दिवसासाठी नाना उरलेलं वर्ष जगत असावेत असं गावाचं मत होतं. माझंही झालं होतं.

शर्यतीच्या आधी नाना अनवाणी किनाऱ्यावर जात, टाच रेतीत रुतवत आणि खळग्यात पाणी भरायला किती वेळ लागतो ते बघत बसत. मनात आकडे मोजत असावेत, कारण ओठ हलत. पाणी लवकर भरलं तर रेती पोकळ, गाडी वरच्या अंगाने घ्यायची. सावकाश भरलं तर घट्ट, पाण्याच्या कडेने घ्यायची. बाकीचे गाडीवान हे लांबून बघून हसत आणि मग नाना ज्या अंगाने जातील त्याच अंगाने आपली गाडी घालायला बघत.

सुतार त्यांना इतका वैतागला होता की नाना येताना दिसले की बायकोला सांगायला लावी, पेणला गेलेत म्हणून. नाना ओटीवर बसत. बसून राहत. दोन तासांनी सुतार मागच्या दाराने बाहेर पडून पुढच्या दाराने "पेणहून" परत येई. मग दोघं लाकडाच्या फळ्या ठोकून, कान लावून ऐकत. मला एकदा नानांनी चाकाच्या मधल्या तुंब्याला कान लावायला लावला आणि आऱ्यावर बोटाने टकटक केलं. काय ऐकू आलं, विचारलं. मी म्हटलं, टकटक. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बाळाचे ठोके तरी नीट ऐकते की नाही याची त्यांना शंका आली असावी.

रबरी टायरच्या गाड्या तेव्हा नुकत्या दिसू लागल्या होत्या. पोयनाडकडच्या एका भाताच्या व्यापाऱ्याने लॉरीचे जुने टायर बसवून बैलगाडी केली आणि ती मिरवायला आमच्या गावात आणली. आवाज नाही, हादरा नाही, मला तर ती फार आवडली. नानांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, अंगठ्याने टायर दाबून बघितला आणि विचारलं, ह्याच्या आत काय हाय? व्यापारी म्हणाला, हवा. नाना म्हणाले, म्हणजे तुमी हवेच्या भरवशावर घरातनं निघताव. तरी पुढच्या बाजाराला त्यांनी एक फाटका टायर विकत आणलाच. त्याच्या वहाणा शिवून घेतल्या आणि रस्त्यावर त्याच वापरू लागले.

या वहाणांचाही एक विधी होता. रस्ता संपून रेती जिथे सुरू होते तिथे करंजाचं झाड आहे. नाना तिथे वहाणा काढून फांदीला अडकवत आणि अनवाणी पुढे जात. परत येताना घालत. त्या झाडावर वहाणा लोंबतात म्हणजे नाना किनाऱ्यावर आहेत हे गाव ओळखे. माझ्या पायांत तेव्हा दादरहून घेतलेली उंच टाचांची चप्पल होती. तिच्याकडे त्यांनी पहिले तीन महिने नुसतं बघितलं. चौथ्या महिन्यात एकदा गाडीतून उतरताना म्हणाले, "बाय, ही चप्पल खडीची बी न्हाय, रेतीची बी न्हाय. ही फलाटाची हाय."

माणसांचीही ते तशीच वाटणी करत. अमका खडीचा, तमका रेतीचा. यात वर-खाली काही नव्हतं, नुसती जागा होती. त्यांच्या भाचीला घाटावरचं स्थळ आलं तेव्हा त्यांना विचारायला लोक आले, तर म्हणाले पोर रेतीची हाय, घाटावर तिची धाव सुटंल. कुणी काहीही विचारलं, बैल घ्यावा का, मुंबईला जावं का, तर आधी एकच उलट सवाल येई: "आधी वाट सांग. मग चाक सांगतो." मी कुठली, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. मी दोन-तीनदा विचारलं. अजून फिरलाव कुठं, म्हणाले.

त्यांचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. घरी सून आणि नाना. सून तोंडाने फटकळ, हाताने माउली. सासऱ्याची टिंगल ती त्यांच्यासमोरच करी. माझ्या सासूला ही दोन चाकं म्हणजे दोन सवती होत्या, म्हणायची. नाना ऐकून न ऐकल्यासारखं करत. पण चाकांच्या तेलासाठी उंडीच्या बिया तीच गोळा करून, फोडून, घाण्यावर नेऊन तेल काढून आणायची हे मी बघितलं आहे.

माझ्या पाचव्या होळीची गोष्ट. त्या वर्षी नानांची शेवटची शर्यत, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. पाखऱ्या आणि हौशा, त्यांचे बैल, म्हातारे होत चालले होते. रेतीच्या चाकांना त्यांनी नवीन आरे घालून घेतले होते आणि सुतार त्यासाठी खरोखरच पेणला जाऊन आला होता. समोर थळकडची एक नामांकित गाडी होती. सगळा गाव किनाऱ्यावर लोटला होता.

मी नव्हते. मी कोळीवाड्यात होते. जानकी नावाची कोळीण, पहिलटकरीण, सकाळपासून अडली होती. मला दुपारी बारालाच बोलावलं होतं. बारा वाजता जाऊन मी तपासलं आणि माझ्या मनात शंका आली. आली, हे मी आज लिहिते. पण पाच वर्षांत मी एकही बाई अलिबागला पाठवली नव्हती आणि त्याचा मला ताठा होता. डॉक्टर चारचौघांत माझं कौतुक करत. आणखी थोडी वाट बघू, असं मी स्वतःला एकला म्हटलं, दोनला म्हटलं, तीनला म्हटलं. साडेतीनच्या पुढे रक्त जायला लागलं आणि मग मी किनाऱ्याकडे पळत सुटले.

नानांची गाडी काळ्या खडकापाशी उभी होती. पुढचीच पाळी त्यांची. कासरा हातात, डोळे निशाणावर. मी गर्दीतून घुसून सांगितलं, जानकीला आत्ताच्या आत्ता अलिबागला न्यायला हवं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, थळच्या गाडीकडे बघितलं, आणि बैल वळवले. मागे लोक ओरडत होते. त्यांची वर्षभराची शर्यत तिथे संपली, आणि त्यांनी त्यासाठी एक सुस्कारासुद्धा टाकला नाही. हे मी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मी म्हटलं, अशीच चला, गाडी जुंपलेलीच आहे. ते म्हणाले चाकं बदलायला पायजेत. मी ओरडले की वेळ नाही.

"खडी हाय, बाय. ही चाकं मैलभर जायाची न्हाईत. मधी बसलाव तर उचलनार कोन?"

आणि ते घराकडे गेले. मी जानकीपाशी परतले. तिला खाटेवर घेतलं, घोंगड्या गुंडाळल्या, दारात येऊन उभी राहिले. गाडी येईना. घड्याळाने अर्धा तासच झाला असेल. मला तो सबंध दिवस वाटला. गाडी आली ती जाड चाकांवर, गवताचा बिछाना घालून, पुरती तयार. नानांनी बैल रस्त्यावर कधी पळवले नव्हते असे पळवले. जानकीचा नवरा आणि दीर मागून धावत होते, तिची सासू माझ्याजवळ बसली होती. अलिबागच्या नारळी दिसायला लागतात त्या वळणावर जानकी गेली. बाळही गेलं.

गाडी थांबली. मी खाली उतरले. माझे हात कोपरापर्यंत भरलेले होते. नवरा माझ्याकडे बघत होता, दीर बघत होते, सासू बघत होती. त्या बघण्यात एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर दुपारी बारा वाजता सुरू होत होतं. मी ते उत्तर दिलं नाही. मी वळून नानांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "तुमच्या चाकांपायी गेली ही."

नाना जुवाला हात लावून उभे होते. त्यांनी तो काढून पाखऱ्याच्या मानेवर ठेवला, तेवढंच.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर आले. मी सगळं सांगितलं, वेळा सांगितल्या. त्यांनी वही बंद केली आणि हळू आवाजात म्हणाले की बाराला, फार तर एकला निघायला हवं होतं, चारनंतर निघून काही उपयोग नव्हता, मोटार असती तरी नव्हता. एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं. त्यांनी मला रागावलं असतं तर बरं झालं असतं. कदाचित मी रडत बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं असतं. ते रागावले नाहीत आणि मी बाहेर जाऊन स्टोव्हवर पाणी ठेवलं.

माझं वाक्य मात्र गावभर झालं. चाकं बदलत बसला आणि बाई मेली. पाणवठ्यावर, बाजारात, सुताराच्या ओटीवर. कोळीवाड्यातले लोक नानांच्या गाडीत मासळी घालीनासे झाले. आजाऱ्याला न्यायचं तर लोक दुसरी गाडी शोधत. मी मात्र त्यांच्याच गाडीतून हिंडत होते, कारण दुसरे गाडीवान रात्री-अपरात्री यायला कुरकुरत. नाना येत. नेत. आणत. पूर्वी वाटेत बोलत, ते बंद झालं. माणसं खडीची की रेतीची हे सांगणं बंद झालं. पुढच्या होळीला ते किनाऱ्यावर आले नाहीत. करंजावर वहाणा दिसल्या नाहीत तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं, आणि थोडा वेळ सगळे त्या झाडाकडे बघत राहिले.

त्याच वर्षी पावसाच्या आधी एक प्रकार झाला. एक माणूस माडावरून पडला, मांडीचं हाड मोडलं, अलिबागला न्यायला हवं होतं. एका तरुण गाडीवानाची गाडी शेजारच्या गावच्या शर्यतीहून नुकती परतली होती, हलक्या चाकांवर. तो म्हणाला, मी नानांसारखा चाकं बदलत बसणार नाही. लोकांनी त्याला शाबासकी दिली. मीही शेजारी उभी होते आणि मी त्याला थांबवलं नाही. पहिल्या पुलापाशी उजव्या चाकाची धाव सुटून शेतात गेली, दोन आरे मोडले आणि गाडी बसली. जखमी माणूस उन्हात रस्त्यावर. मी त्याचा पाय धरून बसले होते. तासाभराने मागून ओळखीचा जड खडखडाट आला. कुणी सांगितलं देव जाणे, पण नाना आले होते. त्यांनी मोडलेल्या चाकाकडे एक नजर टाकली, आणि त्या तरुणालाच एका बाजूने धरायला सांगून जखमीला आपल्या गाडीत घेतलं. तो माणूस वाचला. पुढे लंगडत का होईना, माडावर पुन्हा चढला.

त्या दिवशी मला कळायचं काही उरलं नव्हतं. चाकं बदलली नसती तर जानकी त्या पुलापाशीच गेली असती, अलिबागच्या नारळी न बघता. संध्याकाळी मी मनाशी ठरवून नानांच्या घरी गेले. सुनेने कोकमाचं सरबत दिलं. नाना सुपारी कातरत होते. मी म्हटलं, यंदा उकाडा फार आहे. ते म्हणाले, व्हय. मी सरबत प्यायले आणि उठून आले. जाताना डोकं वाकवायची सवय होती म्हणून वाकवलं, आणि वर काही नाही हे माझ्या ध्यानात आलं. वाशाला नुसते दोन आकडे होते. चाकं कुठे गेली हे विचारण्याइतकं तोंड मला राहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी माझी बदली श्रीवर्धनला झाली. माझी ट्रंक अलिबागच्या एसटी स्टँडवर पोचवायला नानाच आले. तोच रस्ता, तेच बैल, फार हळू. ते वळण आलं तेव्हा मी मान खाली घातली. नानांनी तिथे गाडी थांबवली नाही, पण बोलायला लागले, बैलांकडे बघत.

"बाय, एक सांगायचं राहिलं. त्या दिशी मी चाकं काढली ती खडीसाठीच काढली, त्यात खोट न्हाय. पन काढल्यावर मी ती पुसली. रेती काढली, तेल लावलं, धोतरात बांधली आन वर टांगली. येवडी वर्सं केलं, हात आपसूक गेला. वर टांगून खाली बघतो तर गाडी तशीच खोळंबून उभी. तवा ध्यानात आलं. तेवडी येळ मी चाकांना दिली. तुमी बोललाव ते खरं व्हतं. मी कुनाला सांगितलं न्हाय, तुमाला सांगितलं."

मला एकच वाक्य बोलायचं होतं: नाना, ती बाराला निघाली असती तरच वाचली असती, आणि बाराला मी होते. तेवढ्याने त्या म्हाताऱ्याच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. माझ्या तोंडातून ते निघालं नाही, आणि का निघालं नाही तेही सांगते. त्यांनी आपला गुन्हा कबूल केला तेव्हा मला हलकं वाटलं. वाटलं, चला, माझं वाक्य अगदीच खोटं नव्हतं. इतक्या वर्षांत मी पुष्कळ चुका केल्या असतील, पण त्या हलकं वाटण्याची मला जितकी लाज वाटते तितकी कशाची वाटत नाही.

एसटी लागली होती. नानांनी ट्रंक टपावर चढवून दिली. मग खाली माझ्या पायांकडे बघितलं. मी केव्हाच साध्या चपला घालू लागले होते.

"आता खडीच्या झालाव," ते म्हणाले आणि गाडीकडे वळले.

श्रीवर्धनला मी रुजू झाले. तिथल्या पहिल्याच वर्षी दोन बायकांना मी शंका येताच पुढे पाठवलं, वाट बघितली नाही. दोघी वाचल्या. दोन्ही वेळा मला नानांना पत्र लिहावंसं वाटलं. त्यांना वाचता येत नसे, सून कुणाकडून तरी वाचून घेईल, मग सगळ्या गावाला कळेल, असा विचार करून मी कागद फाडला. गावाला कळायलाच तर हवं होतं.

तीन वर्षांनी रजा काढून मी मुद्दाम गेले. या वेळी मनाशी पक्कं होतं. रस्ता संपतो तिथलं करंजाचं झाड तसंच होतं. अंगणात सून सुपारी सोलत बसली होती. मला ओळखून तिने पाट पुढे सरकवला. नाना श्रावणात गेले, म्हणाली. ताप आला, चार दिवस. शेवटपर्यंत शुद्धीवर होते.

मी पाटावर बसले. मग गोठ्याच्या भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे जमिनीवर, मातीत, ती दोन चाकं भिंतीला टेकून ठेवलेली होती. वाळवीने आरे खाल्ले होते, तुंब्याला भोकं पडली होती. पातळ धाव गंजून लाल झाली होती. मी विचारलं, ही खाली कशी?

सून म्हणाली, "त्या होळीच्या दुसऱ्या दिशी त्यांनीच खाली उतरवली. परत वर टांगू देईत नव्हते कुनाला. मी येकदा पावसात उचलून आत आनली तर माज्यावर ओरडले. आयुष्यात तेवडं येकदाच ओरडले."

मग मी तिला सगळं सांगितलं. बाराची शंका, एक, दोन, तीन, डॉक्टरांचे शब्द, वळणावर मी दाखवलेलं बोट, आणि एसटीच्या वाटेवर मी गिळलेलं वाक्य. काही वगळलं नाही. रडले की नाही आठवत नाही. ती ऐकत होती आणि तिचे हात चालू होते. सोललेली सुपारी एका बाजूला, सालं दुसऱ्या बाजूला.

माझं संपलं तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं. माझ्यावर ती ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती ओरडली नाही.

"ह्ये त्यांना सांगायला पायजे व्हतं, बाय," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.